पहिली पाच मिनिटं आणि तिसरा तास

बराच वेळ ऐकत बसायचं असेल तर सगळ्यात आरामशीर हेडफोन कोणता, यावर माझं आणि मामांचं एकमत होत नाही. मी साताऱ्यात सदर बझारला राहते. ध्वनिमुद्रित मुलाखती, व्याख्यानं, बैठका ऐकायच्या आणि शब्दन् शब्द टाइप करून द्यायचा, हा माझा व्यवसाय. कामाचा दिवस असला की पाच-सहा तास हेडफोन डोक्यावर असतो. मामा मिरजेत असतात. सांगलीच्या शाळेत संगीत शिकवून निवृत्त झाले, पण सकाळी तानपुरा जुळवल्याशिवाय चहाला हात लावत नाहीत. दोघांचाही दिवस कानांवर चालतो, त्यामुळे हा वाद आम्हाला किरकोळ वाटत नाही.

मे महिन्यात मिरजेला गेले तेव्हा माझ्या हेडफोनच्या गाद्यांचं रेक्झिन सुटून त्याचे काळे कण गालाला चिकटायला लागले होते. मामांनी ते पाहिलं.

“नवीन घेणार असशील, तर काय बघून घेणार?”

“तिसऱ्या तासाला कसा वाटतो ते.”

“दुकानदार तीन तास बसू देतो होय?”

“नाही देत, तिथंच अडतं. दुकानात आपण पाच मिनिटं घालून बघतो. मऊ गादी असली की पहिल्या पाच मिनिटांत कुठलाही हेडफोन छानच वाटतो. त्रास सुरू होतो तो नंतर. आधी टाळूवर एक बिंदू ठणकायला लागतो, मग कानाचा वरचा काठ आतल्या कापडाला घासायला लागतो, मग घाम.”

“एवढं सगळं होतं, तरी घालायचाच?” मामांचा सूर ठरलेला होता. “आमच्या घरात रेडिओ फळीवर असायचा. सांगली आकाशवाणी १९६३ साली सुरू झाली तेव्हापासून. आई भाकऱ्या थापायची, आम्ही अभ्यास करायचो, वडील पडलेले असायचे, आणि गाणं सगळ्यांना सारखं ऐकू यायचं. कुणाची टाळू ठणकली नाही.”

मामांचं हे म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. खोलीत वाजणारा आवाज भिंतींना लागून, दोन्ही कानांच्या पाळ्यांना वळसा घालून आपल्यापर्यंत येतो. समोरून येतोय की बाजूने, हे मेंदू त्यावरूनच ठरवतो. हेडफोनमध्ये डावा आवाज फक्त डाव्या कानाला आणि उजवा फक्त उजव्याला मिळतो. खोलीचा काही संबंधच उरत नाही, त्यामुळे गाणं कपाळाच्या मागे, डोक्याच्या आत वाजल्यासारखं वाटतं. ज्याला ऐकायची खरी सवय आहे त्याला हे खटकतं, आणि बराच वेळ ऐकल्यावर येणाऱ्या थकव्यात याचाही वाटा असतो.

पण माझं काम खोलीत होत नाही. “मामा, माझ्याकडे लोकांची खासगी बोलणी येतात. कुणी आपल्या आजारपणाबद्दल सांगितलेलं असतं, कुणी भावकीतल्या जमिनीच्या भांडणाबद्दल. ते स्पीकरवर लावायचं कसं? शेजारच्या घराला ऐकू जाईल. आणि मुलाखत देणारी म्हातारी माणसं वाक्य अर्धं सोडतात, पुटपुटतात, मागे पंखा असतो, कोंबडा आरवतो. तो पुटपुटलेला शब्द मला हवा असतो. हेडफोनशिवाय तो हाती लागत नाही.”

“मग कामापुरता घाल. गाणं ऐकताना काढ.”

“आणि घेताना वजनाचं काय बघतेस?” हे त्यांनी लगेच पुढे विचारलं. वाद घालताना मामा माहिती घ्यायचं सोडत नाहीत, हा त्यांचा मला फार आवडणारा गुण आहे.

मी त्यांना आकडे सांगितले. सेनहायझरचा एचडी ५६०एस २४० ग्रॅमचा आहे, सोनीचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ साधारण २५०चा, बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो २७०चा. ॲपलचा एअरपॉड्स मॅक्स ३८५ ग्रॅमच्या घरात जातो, आणि ऑडिझीचे काही हेडफोन अर्ध्या किलोच्याही पुढे. उलट टोकाला कॉसचा पोर्टा प्रो आहे. १९८४पासून जवळपास त्याच रूपात मिळतो आणि शंभर ग्रॅमसुद्धा भरत नाही. माझ्या मते दिवसभर घालायचा असेल तर २५० ते २७०च्या पुढे जाऊ नये. आवाज कितीही गोड असो, मान ते वजन तास-दोन तासांत मोजायला लागते.

मात्र नुसत्या वजनाने निकाल लागत नाही. ते वजन टेकतं कुठे, यावर पुष्कळ अवलंबून असतं. वरची कमान अरुंद आणि कडक असली तर हलका हेडफोनसुद्धा टाळूवर बोट रोवल्यासारखा बसतो. एकेजीच्या के २४०मध्ये कमानीखाली वेगळा सैल पट्टा असतो. तो डोक्याच्या आकाराप्रमाणे पसरतो आणि भार वाटला जातो. मग येते पकड, म्हणजे दोन्ही बाजूंनी डोक्याला बसणारा दाब. पकड सैल असली की मान खाली घातल्यावर हेडफोन घसरतो, घट्ट असली की जबडा दुखतो. धातूची कमान असलेले काही हेडफोन नवे असताना फार आवळतात. ते पुस्तकांच्या चळतीवर रात्रभर ताणून ठेवले की हळूहळू सैल होतात. प्लॅस्टिकच्या कमानीवर हा प्रयोग करू नये, ती तडकते.

मामांनी चष्मा काढून पुसला आणि माझा हेडफोन स्वतःच्या डोक्यावर चढवला. चष्मा परत घातला तेव्हा त्यांची भुवई वर गेली.

“इथं दाबतंय,” ते कानामागच्या हाडाला बोट लावून म्हणाले.

चष्मा असणाऱ्यांचं हे दुखणं नीट समजून घ्यायला हवं. चष्म्याची काडी कवटीला टेकून कानावरून मागे जाते. तिच्यावर गादी आली की गादी काडीला दाबते आणि काडी हाडाला. काडी जाड असेल तर गादी आणि कातडी यांच्यामध्ये एक बारीक फट राहते. त्या फटीतून खर्ज निसटतो आणि बाहेरचा गोंगाट आत शिरतो. ऐकणाऱ्याला फट दिसत नाही, आवाज अशक्त झालाय एवढंच कळतं, आणि हात आपोआप आवाज वाढवायला जातो. म्हणून चष्मेवाल्यांनी बारीक, चपट्या काड्यांचा चष्मा वापरावा आणि गादी अशी घ्यावी की जी काडीभोवती खोल बसेल. कडक रेक्झिनपेक्षा मखमली कापडाची गादी इथं बरी पडते.

मामांना आणखी एक अडचण आली. त्यांचा कान गादीच्या भोकात मावेना. मोठ्या माणसाचा कान साधारण सहा-साडेसहा सेंटिमीटर उंच असतो आणि वयाबरोबर तो लांबत जातो. सत्तरीतल्या माणसाला विशीतल्या मुलाचा हेडफोन बसेलच असं नाही. कान गादीच्या आत पूर्ण सुटा राहायला हवा. गादी कानाच्या कुर्चेवर टेकली की अर्ध्या तासात कान लाल होतो.

“बघ,” मामा हेडफोन काढून म्हणाले, “दुखतंय म्हणजे शरीर सांगतंय की पुरे. तानपुरा मांडीवर घेऊन बसलं की मांडी अवघडते, मग आपण बैठक बदलतो. तू असा हेडफोन शोधतेस की जो दुखणारच नाही. मग थांबायचं केव्हा ते तुला सांगणार कोण?”

या प्रश्नाला उत्तर द्यायला मला वेळ लागला. त्यांच्या अनुभवाला तो धरून आहे, पण कानाच्या बाबतीत तो लागू पडत नाही.

“मांडी अवघडली की कळतं, मामा. कान बिघडतो तेव्हा काहीच दुखत नाही. आतल्या शंखात केसांसारख्या बारीक पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि पुन्हा येत नाहीत. दुखतं ते कातडीला, हाडाला. ऐकणारा कान मुका असतो. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तासांची आहे. ९० डेसिबलवर गेलात तर तोच वाटा चार तासांत संपतो, कारण दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. टाळू ठणकली म्हणून कान वाचला, असं होत नाही. टाळू ठणकायच्या आत कानाचं नुकसान होऊन गेलेलं असू शकतं.”

“मग आरामशीर हेडफोन जास्त धोक्याचा.”

“उलट. नीट बसलेला बंद हेडफोन बाहेरचा आवाज अडवतो, त्यामुळे आतला कमी ठेवता येतो. टोचणारा हेडफोन माणूस सारखा सरकवत राहतो, फट पडते, आणि आवाज वाढतो.”

मामा गप्प राहिले, पण पटल्याची खूण दिली नाही. उठून त्यांनी तानपुरा काढला. तो मिरजेतच घडलेला आहे. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या कितीतरी आधी मामांनी तो घेतला होता. त्यांनी तारा जुळवल्या, मग खर्जाच्या तारेखालचं सूत घोडीवर नखाने केसभर पुढे सरकवलं. तार बंद झाली, नुसती ठक् वाजली. सूत थोडं मागे घेतलं आणि त्याच तारेतून वरचे स्वर एकामागून एक उमलत बाहेर आले. तारेचा हा उमलता झंकार म्हणजे जवारी; ती लागली त्या केसभर अंतरात.

“हे काम मी सलग फार वेळ करत नाही,” मामा म्हणाले. “कान थकला की लागलेली आणि न लागलेली जवारी सारखीच वाटायला लागते. मग उठायचं, अंगणात जायचं, पाणी प्यायचं. परत आलं की खरं काय ते ऐकू येतं.”

आणि मग त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांचा विषय काढला. मिरजेत तो निघतोच. खाँसाहेब इथं स्थायिक झाले, १९३७ साली गेले, आणि दर्ग्याच्या उरुसात आजही गायक त्यांच्या स्मरणार्थ हजेरी लावतात. त्यांचं गाणं घरोघरी गेलं ते ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून. तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची.

“वडील तबकडी लावायचे. संपली की उठायचं, सुई बदलायची, चावी द्यायची, बाजू पलटायची. एलपी आली तरी वीस-बावीस मिनिटांनी उठावं लागायचं. कॅसेट आली ती अर्ध्या-पाऊण तासाने खट् करून थांबायची. ऐकण्यात उठणं होतंच. आता तुझ्या फोनवर गाणं संपत नाही, एकामागून एक लागतच राहतं. बाजू पलटणं गेलं. तुमचा त्रास तिथून सुरू झालाय, गादीपासून नाही.”

हा मुद्दा मामांनी माझ्याकडून जिंकला. ध्वनिमुद्रण ऐकण्याच्या सगळ्या जुन्या साधनांनी माणसाला मधूनमधून उठवलं. ते तंत्राच्या मर्यादेमुळे झालं, कुणी तब्येतीसाठी ठरवून केलं नव्हतं, पण कानांना विसावा मिळत होता. आज तो विसावा आपल्यालाच घ्यावा लागतो. मी तेव्हापासून लांब ध्वनिफितींचे पाऊण-पाऊण तासाचे तुकडे पाडते. तुकडा संपला की फाइल बंद होते आणि मला उठावंच लागतं.

पण मामांचा उरलेला निष्कर्ष मला मान्य नाही. हेडफोनचं सुरुवातीचं गिऱ्हाईकच तासन् तास ऐकणारं होतं. १९१०च्या सुमारास अमेरिकेत युटामध्ये नॅथॅनिअल बाल्डविन नावाच्या माणसाने घरच्या स्वयंपाकघरात हेडफोन बनवले आणि ते घेतले नौदलाने, बिनतारी संदेश ऐकत पाळीभर बसणाऱ्या माणसांसाठी. स्टिरिओ संगीतासाठीचा कॉसचा हेडफोन आला तो १९५८ साली. १९६८ साली सेनहायझरने एचडी ४१४ आणला. त्याची पाठ, म्हणजे कानावरची बाहेरची बाजू, उघडी होती, वजन हलकं होतं आणि पिवळ्या स्पंजच्या गाद्या काढून धुता येत होत्या. कान कोंडून घेण्याची गरज नाही, हे त्या हेडफोनने दाखवून दिलं.

उघड्या पाठीचा हेडफोन मी मामांना मुद्दाम ऐकवला. मामेभावाने त्याच्यासाठी आणलेला एक घरात होता. त्यांनी तानपुऱ्याचंच ध्वनिमुद्रण लावायला सांगितलं. थोडा वेळ ऐकून म्हणाले, “हा बरा आहे. डोक्यात वाजतंय अजून, पण कान बंद झाल्यासारखं नाही वाटत. कुकरची शिट्टी ऐकू आली.” मे महिन्यातल्या मिरजेच्या उन्हात कान मोकळा राहणं महत्त्वाचं होतं. बंद गादीच्या आत हवा खेळत नाही, कान घामेजतो आणि रेक्झिन त्या घामानेच लवकर सुटतं. साताऱ्याच्या पावसाळ्यात घाम कमी, पण दमट हवा तेच करते.

इथवर वाद आम्हा दोघांचा होता. मग मामी आल्या. त्यांनी पदराला हात पुसले आणि सरळ विचारलं, “ह्यात कानातलं घालून बसता येतं का?”

आम्ही दोघंही त्यांच्याकडे बघत राहिलो. मामी रात्री सगळं आवरून, गॅसचा ओटा पुसून झाल्यावर अकराच्या सुमारास अभंग ऐकतात. तेव्हा नातू दहावीच्या अभ्यासाला बसलेला असतो आणि मामा झोपलेले असतात. फळीवरचा रेडिओ त्या वेळी कुणी लावू देणार नाही. त्यांच्याकडे फोनबरोबर आलेला, कानात खुपसायचा इअरफोन होता. तो कुड्यांना अडत नाही, पण कानाच्या भोकात दाबून बसतो, मळ आत ढकलतो, आणि पावसाळ्यात त्यांचा कान त्यानेच चिघळला होता.

मामींना मी बंद गादीचा हेडफोन घालून पाहायला सांगितला. दहा मिनिटांतच त्यांनी तो काढला. कुडीची मागची फिरकी गादीखाली दबून कानामागे टोचत होती. वर अंबाड्यामुळे कमान मागे सरकत नव्हती, पुढे कपाळाकडे झुकत होती. उघड्या पाठीच्या हेडफोनची गादी मोठी आणि कापडी होती, कुडी तिच्या आत आली. तरी फिरकी अर्ध्या तासाने जाणवलीच. शेवटी कॉसचा केएससी७५ त्यांना मानवेल असं मला वाटलं. त्याला कमानच नसते, दोन हलक्या चकत्या कानावर अडकवायच्या असतात, कानाच्या पाळीवर भार येत नाही, अंबाड्याशी संबंध येत नाही. मामा म्हणाले, “माझ्या सगळ्या बोलण्याला हिने एका प्रश्नात उत्तर दिलं. हिला ऐकायला दुसरी जागा नाही.”

हेडफोनच्या खोक्यावर वजन, तार, बॅटरी सगळं छापलेलं असतं. कुड्या, बुगडी, अंबाडा, तेल लावलेले केस, चष्मा, यातलं काही नसतं. आपल्याकडच्या बायकांनी तासभर काही ऐकावं, हा विचार हेडफोन करणाऱ्यांनी आणि विकणाऱ्यांनी फारसा केलेलाच नाही, असं मला स्पष्ट वाटतं. माझ्या स्वतःच्या कानात बारीक खडे असतात म्हणून हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

एसटीतल्या प्रवासाबद्दल थोडंसं. कराड, पेठ नाका करत सातारा-सांगली जाताना इंजिनाचा घुमणारा आवाज सतत असतो आणि त्यावर गाणं चढवायला माणूस आवाज वाढवत जातो. बाहेरच्या आवाजाला उलट लहरीने खोडणारे हेडफोन इथं खरंच उपयोगी आहेत. ही कल्पना अमर बोस यांना १९७८ साली झुरिकहून बोस्टनला जाताना विमानातच सुचली होती. एकसुरी घरघर ते छान खोडतात, माणसांचं बोलणं तितकं नाही. काहींना त्याने कानात दडे बसल्यासारखं वाटतं, त्यांनी हट्ट करू नये. आणि महामार्गाकडेने चालताना किंवा दुचाकीवर हे मुळीच घालू नयेत.

तर आमचा निकाल असा झाला. मामांच्या शांत खोलीला उघड्या पाठीचा, मोठ्या कापडी गादीचा हेडफोन. मला बंद पाठीचा, अडीचशे ग्रॅमच्या आसपासचा, मखमली आणि बदलता येणाऱ्या गाद्यांचा, कारण माझ्या खिडकीखाली दिवसभर रस्ता वाहतो. मामींना कमान नसलेला. एका घरात तीन उत्तरं निघाली, आणि मामा अजूनही म्हणतात की चौथं उत्तर फळीवरचा रेडिओ आहे. गाद्या बदलता येत नाहीत असा हेडफोन मात्र कुणीच घेऊ नये, यावर आम्हा तिघांचं एकमत आहे.

साताऱ्यात आणि सांगलीत हेडफोन विकणाऱ्या दुकानदारांना माझी एक विनंती आहे. चार-पाच नमुने खोक्याबाहेर काढून ठेवा, एक खुर्ची ठेवा, आणि गिऱ्हाइकाला निदान अर्धा तास बसू द्या. आणि घेणाऱ्यांनो, बघायला जाताना चष्मा घालून जा, कानातलं काढून जाऊ नका, केस रोज बांधता तसेच बांधून जा. आवाज कमीत कमी ठेवून ऐका. अर्ध्या तासात हात एकदाही हेडफोन सरकवायला गेला नाही, तरच पैसे द्या.